कौसूला बोलतं करायला

भंडाऱ्याला चालले म्हटलं की पुण्यात लोक आधी विचारतात, "कोणी आहे का तिकडे?" नाही म्हटलं की विचारतात, "मग बदली झाली का?" हौसेनं कोणी तिकडे जात असेल हे कुणाला पटतच नाही. मी दोनदा गेले. पहिल्यांदा हौसेनंच गेले. खरं सांगायचं तर घमेंडीनं गेले. दुसऱ्या खेपेहून येऊन आता दीड महिना झाला, आणि हे लिहून काढल्याशिवाय मला वर्गात धड उभं राहता येईना, म्हणून लिहिते आहे. गावाचं, तलावाचं, जेवणाखाणाचं वर्णनही यात येईल. ते सगळं फार चांगलं आहे आणि त्याची यात काही चूक नाही.

माझं काम आधी सांगते. मी पुण्यात बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. ऐकू न येणाऱ्या मुलाला ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवायचं, हे आमचं काम. शाळेचा एक कडक नियम होता, खुणा करायच्या नाहीत. मुलानं हातवारे केले की हात मागे धरून उभं करायचं. हाताला सवय लागली की जीभ आळशी होते, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ते सत्तावीस वर्षं इमानेइतबारे पाळलं. माझ्या वर्गात मुलांचे हात हलत नसत, याचा मला अभिमान होता.

पहिली खेप : कारधा

दिल्लीत जनता सरकार होतं, त्या सुमाराची गोष्ट. नागपूरला शिक्षकांच्या शिबिरात माझं भाषण झालं. खाली उतरले तर एक धोतर नेसलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला माणूस सहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभा. डोमाजी त्याचं नाव, साकोली तालुक्यातल्या एकोडीचा शेतकरी.

"मॅडम, हिले ऐकू येत नाई. तुमी बोलाले शिकवता म्हनते," तो म्हणाला.

मी म्हटलं, पुण्याला आणा, वसतिगृहात ठेवू. तो म्हणाला, "हिची माय नाई सोडनार जी." मी म्हटलं, "मग दिवाळीच्या सुटीत मीच येते. आठ दिवसांत तिच्या आईला शिकवून जाते." आठ दिवसांत! जे करायला आम्हाला शाळेत आठ वर्षं पुरत नाहीत ते. पण समोर टाळ्या वाजलेल्या असल्या की माणसाची जीभ सैल सुटते.

तर दिवाळीनंतर गेले. भंडाऱ्याहून साकोलीची एसटी धरली, ती वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला येते न येते तोच बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, बोनेट उघडलं आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसला. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. एका बाईनं मला ओढून शेजारी बसवलं आणि पळसाच्या पानावर उकडलेले शिंगाडे पुढे केले. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे एकादशीचं पीठ. तो तलावात येतो आणि गरम गरम सोलून खायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. काळी साल, आत पांढराशुभ्र गर. बाई म्हणाली, "घाई कायले करता? गाडी काय तुमच्या धाकानं चालू होनार हाये?" मी दुसरा शिंगाडा सोलायला घेतला.

एकोडी

एकोडीला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गावाला लागून तलाव, तलावाच्या पाळीवर मोहाची झाडं, आणि खाली जिथवर नजर जाईल तिथवर धान पिवळं झालेलं. बांधावरून चालताना माझी पुणेरी चप्पल सटकली आणि मी साडीसकट बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बसले. कौसू, म्हणजे तीच मुलगी, ती पुढे पळत होती. तिनं वळून पाहिलं आणि मोठ्यानं हसली. आवाज छान होता तिचा. मी चिखलात बसल्या बसल्या मनात नोंद केली की स्वरयंत्र उत्तम आहे.

घरी पार्बताबाई, कौसूची आई. काळीसावळी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं माझे पाय धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. भात, लाखोळीची कोवळी भाजी, तलावातल्या बारक्या मासोळ्यांचं कालवण, जवसाची चटणी. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. दुसऱ्या दिवशी मी पोळीबद्दल चौकशी केली तर पार्बताबाई काळजीनं म्हणाली, "पोट बिघडलं का जी?" तिकडे पोळी सणावाराला, नाहीतर दुखणाईताला. भाताचं एवढं कौतुक ऐकलं की शेवटी मलाही तांदळाचा वास ओळखता यायला लागला.

तिसऱ्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव ही जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात आणि दंडार होते. नाच, गाणी, सोंगं असा तो खेळ. रात्री डोमाजीनं कौसूला दंडारीला नेलं, पार्बताबाई पाहुण्यांच्या स्वयंपाकात अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसू उठली ती थेट चुलीपुढे. पार्बताबाई तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी, घालत होती, आणि पोरीनं तिला अख्खी दंडार हातांनी सांगितली.

मी दारात चहाचा कप घेऊन बसले होते. कौसू आधी म्हातारा नवरा झाली, मग त्याची तरणी बायको, मग शिपाई. शिपायाचं पागोटं कसं पडलं ते दाखवलं. ढोलकीवाला वाजवता वाजवता कसा पेंगला ते दाखवलं. पार्बताबाईनं पीठ लागलेल्या बोटांनीच विचारलं, कोणता, गालावर चामखीळ असलेला का? कौसूनं नाही अशी मान हलवली आणि दात नसलेलं तोंड करून दाखवलं. मग दोघी पोट धरून हसल्या. आयता करपला. मलाही सगळं कळलं होतं, मीही हसले. वीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं मला एवढी लांब गोष्ट सांगितली नव्हती.

आणि तरी मी कप खाली ठेवून म्हटलं, "पार्बताबाई, हे आजपासून बंद."

तिला कळलंच नाही. "काय बंद?"

"हे हातवारे. हातानं भागतंय तोवर ती तोंड उघडणार नाही. तिनं खूण केली की आपण तोंड फिरवायचं. आपले हात पदराखाली. तिचे हात मागे."

"पन मॅडम, माह्याशी त बोलते ना हे."

"ते बोलणं नाही, त्या खुणा."

"मले समजून राहिलं, तरी नाई समजलं म्हनू?"

"हो."

"आन् रडली मंग?"

"रडू द्या. चार दिवस रडेल, मग बोलेल."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेले मानसं. तुमाले मालूम." त्याच दुपारी कौसूनं पाण्याची खूण केली. पार्बताबाईनं हात पदराखाली घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. पोरगी समोर गेली, आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू लागली. पार्बताबाईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बाई खंबीर आहे, हिला जमेल.

उरलेले पाच दिवस मी शब्द शिकवले. भात, पाणी, फूल, बैल. आणि आई. त्या घरात, त्या गावात आईला कोणी आई म्हणत नाही, माय म्हणतात. "माय" म्हणताना ओठ मिटतात, बहिऱ्या मुलाला तो शब्द लांबूनही दिसतो. "आई"मध्ये ओठांवर दिसण्यासारखं काही नाही. पहिल्या वर्गातल्या पोरालाही हे कळावं. पण आमच्या पुस्तकात आई होतं, म्हणून मी आई शिकवलं, आणि पार्बताबाईलाही सांगितलं की शुद्ध बोला. जिच्या तोंडून जो शब्द कधी आलाच नव्हता, तो शब्द ती बिचारी पोरीपुढे बसून घोकू लागली.

निघताना डोमाजीला मी मेंदूचं समजावून सांगितलं. लहानपणी मेंदू जे मिळेल त्याची भाषा करतो, वय निघून गेलं की मग शिकवून फारसा उपयोग नाही. त्यानं लगेच मान डोलावली. "पऱ्हं जुनं झालं का रोवून फायदा नाई. धान फुटत नाई." पऱ्हं म्हणजे भाताची रोपं, ती वेळेत उपटून वेळेत लावावी लागतात. मी म्हटलं, अगदी बरोबर. बरोबरच होतं ते. फक्त त्या पोरीच्या डोक्यात रोप केव्हाच लागलं होतं, फुटलं होतं, आणि ते उपटून टाकायला मीच सांगितलं होतं. हल्ली नवी पुस्तकं येतात त्यांत लिहिलेलं असतं की हातांची भाषाही मेंदूला भाषाच. कान नसेल तर तो डोळ्यांनी घेतो, पण त्याला कोणीतरी बोलणारं लागतं आणि बोलावंसं वाटावं लागतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. म्हटलं, परदेशातलं आहे.

दुसरी खेप : पवनी

त्यानंतर सात वर्षं डोमाजीची पत्रं येत. गावचे मास्तर लिहून देत. "कौसू आता आई म्हणते. कौसू भात म्हणते. आपला आशीर्वाद असावा." ती पत्रं मी शाळेत वाचून दाखवत असे. खेड्यातली अडाणी बाई करू शकते, तर तुम्हाला काय होतं, असं पालकांना ठणकावत असे. शेवटचे काही महिने पत्र आलं नाही. कामाच्या रगाड्यात मला ते जाणवलंही नाही.

यंदाच्या दिवाळीत पवनीला शिक्षकांचं शिबिर होतं. पवनी जुनं गाव. वैनगंगेवर घाट, गावाभोवती तटबंदीचे अवशेष, आणि बाहेर शेतांत जुन्या बौद्ध स्तूपाच्या विटा निघालेल्या. एक म्हातारा मला ती जागा दाखवायला घेऊन गेला. वीट उचलून हातात दिली, म्हणाला, "हजारो वर्सं झाले म्हनते. आमी आपले धान पेरून राहिलो." तळहातावर मावत नव्हती एवढी मोठी वीट होती. घाटावर बायका धुणं आपटत होत्या, नदी शांत होती, आणि मी मनात संध्याकाळच्या भाषणाची जुळवाजुळव करत होते.

भाषणात अर्थातच कौसूची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर मागून एक तरुण शिक्षिका उठली.

"मॅडम, ती मुलगी आता काय बोलते?"

मी म्हटलं, "बरेच शब्द बोलते."

"गप्पा मारते का जी? आईसंगं?"

मी म्हटलं, हळूहळू येईल ते. ती "बरं" म्हणून खाली बसली. खोचक बोलली नव्हती ती, सरळ विचारलं होतं. शिबिर संपल्यावर मी परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं आणि एकोडीला निघाले.

एकोडी, पुन्हा

पुन्हा तोच तलाव, तेच पिवळं धान, खळ्यांवर भारे येऊन पडलेले. डोमाजी अंगणात दोरी वळत होता. त्याचे केस नुकते कुठे वाढू लागलेले दिसले, आणि मी दारातच थांबले.

"पार्बता गेली जी," तो म्हणाला. "पोळ्याच्या आंधी. कावीळ झाली. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथंच गेली. सारं तिथंच केलं."

मी ओट्यावर बसले. तेवढ्यात आतून कौसू आली. तेरा वर्षांची झाली होती, हुबेहूब आईसारखी काटक. तिनं मला ओळखलं. ओळखलं म्हणजे काय केलं, तर दोन्ही हात मागे धरले आणि ताठ उभी राहिली. मग एकामागून एक शब्द म्हणून दाखवले. भात. पाणी. फूल. बैल. उच्चार स्वच्छ होते. म्हणून झाल्यावर आत निघून गेली.

"दुसरं काय बोलते?" मी विचारलं.

"हेच."

"आणि काही हवं असलं तर?"

"मांगतच नाई काही."

मग तो सांगत गेला, आणि त्याच्या सांगण्यात राग नव्हता, हेच मला सोसवेना. पार्बताबाईनं माझा शब्द पाळला होता. शेतात बायका हसत, ही हात पदराखाली घेऊन बसे. पोर चार दिवस नाही, चार महिने रडली. मग रडायची थांबली. मग काही सांगायचीच थांबली. मंडईला नेलं तरी येऊन चुलीपुढे बसत नसे. "मागल्या साली पार्बताच म्हने, मरो ते बोलनं, आमी हातानंच बोलतो. तिनं सुरू केलं बी. पन पोरगीच करेना. मायनं हात उचलले का हे आपले मांगं धरे. तुमी शिकवलं ते पक्कं शिकली जी."

मला रडू फुटलं. मी तशी रडणारी बाई नव्हे. डोमाजी गडबडला, त्यानं पाणी आणून दिलं.

जेवायला बसलो तेव्हा कौसूनं चार ताटं वाढली. आम्ही तिघंच होतो. चौथं ताट तिनं दुसऱ्या ताटानं झाकून चुलीजवळ ठेवलं. मी डोमाजीकडे पाहिलं.

"रोज ठेवते," तो म्हणाला. "सकाळी गायीले टाकते. तेरवी झाली, मी डोक्याचे केस काढले, सारं तिच्यासमोर झालं. पन माय त जीपगाडीत बसून गेली ना, तेवढंच हिनं पाह्यलं. तिले समजलं का नाई, तेच आमाले समजलं नाई. आन् सांगावं कसं? कोनालेच येत नाई हिच्याशी बोलाले. येत होतं ते पार्बतालेच येत होतं."

म्हटलं, मी सांगते. माझं काम आहे ते. मी कौसूला समोर बसवलं, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं बसवलं, शिकवतात तसं. सावकाश म्हटलं, आई वारली. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. आई मेली. आई देवाघरी. पहिल्या पुस्तकात फूल असतं, बैल असतो. मरण कोण शिकवतं? पाटीवर जळत्या चितेचं चित्र काढलं, तर ज्वाळा बघून तिनं नुसती मान हलवली आणि आज्ञाधारकपणे "फूल" म्हणाली. मी पाटी पुसली. वीस आणि सात, सत्तावीस वर्षांची माझी विद्या तिथं संपली.

"डोमाजी, हातानं सांगा," मी म्हटलं.

"तुमीच त नाई म्हटलं होतं."

"मी चुकले होते. सांगा."

"मले नाई येत जी. पार्बता करे, मी नुसता पाहो."

मग आठवून तो म्हणाला, पोरगी पाच वर्षांची असताना घरचा बैल मेला होता, तेव्हा पार्बतानं तिला काहीतरी करून दाखवलं होतं. आधी डोक्यावर दोन शिंगं. मग डोळ्यांवरून खाली हात. मग तळहात उघडून त्यावरून फुंकर. कौसूला तेव्हा बरोबर कळलं होतं, ती गोठ्यात जाऊन दावणीला धरून बसली होती.

मी म्हटलं, "तसंच करा. शिंगांऐवजी तिची आई दाखवा."

डोमाजी पोरीसमोर उकिडवा बसला. त्याची बोटं जाडीभरडी, दोरी वळून सोललेली. त्यानं एक बोट कपाळाला लावून मोठा गोल काढला, पार्बताबाईच्या कुंकवाएवढा. कौसू एकदम सावध झाली. मग त्यानं डोळ्यांवरून हात खाली आणला. मग रिकामा तळहात तिच्यापुढे धरला आणि त्यावरून फुंकर घातली. त्यानं ते पुन्हा एकदा केलं.

कौसूनं त्याच्या हाताकडे पाहिलं, चुलीजवळच्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते इतकं स्पष्ट वाचता आलं, जितकं कुणाचे ओठ मी कधी वाचले नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिचे हात वर उठले, छातीपर्यंत आले. काहीतरी विचारायचं होतं तिला, केव्हा, कुठे, काय माहीत. आणि मग तिची नजर माझ्यावर गेली.

तिनं बापाचे दोन्ही हात धरले आणि घाईघाईनं त्याच्या मांडीवर दाबून ठेवले, मी पाहू नये म्हणून. मग स्वतःचे हात मागे नेले, ताठ बसली आणि माझ्याकडे बघून, मी शिकवलं होतं तसं, तोंड नीट उघडून म्हणाली, "आई."

मी पुढे सरकून तिचे हात सोडवायला गेले, तर तिनं ते आणखी घट्ट धरले.